बोलाची कोठी

वामनजी मुकादम रस्त्यानं निघाले की पांढुर्ण्याची माणसं तोंडावर हात धरायची. पानठेल्यावरची, भाजीच्या ओळीतली, सायकल धरून गप्पा मारत उभी असलेली, सगळीच. पुरुष हात धरत, बाया पदर धरत. आमच्या हायस्कुलाचे हेडमास्तर इभ्रतीला फार जपणारे, ते तेवढ्यापुरता खोकला काढत आणि रुमाल तोंडाशी नेत. मुकादमजी पुढे गेले की हात खाली आणि बोलणं जिथं अडलं होतं तिथून पुढे चालू. मी नोकरीसाठी गावात नवा आलो तेव्हा मला वाटलं, या माणसाच्या अंगाला वास येत असावा. मी मुद्दाम जवळून गेलो. खोबरेल तेलाचा वास होता, तोही बेताचा.

गंमत म्हणजे ते हात मुकादमजींना दिसतच नसत. ते कोणाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. उंच, वाळका माणूस, बाराही महिने काखेत छत्री, मान खाली आणि नजर समोरच्याच्या पायांवर. अख्खं गाव ते पायांवरून ओळखत. मी पहिला नमस्कार केला तेव्हा माझ्या चपलांना म्हणाले, "सौसरचे काय? डाव्या पायावर भार देऊन राहिले." मी सौसरचा होतो हे खरं. सौसरची सगळीच माणसं डाव्या पायावर भार देतात की काय, याचा छडा मात्र मला आजतागायत लागलेला नाही.

"पाय बरे असतात मास्तर," ते म्हणाले. "पाय काही बोलत नाहीत."

त्यांच्याशी बोलायची एक रीत होती. ते विचारायचे, "पाहू का?" आपली हरकत नसेल तर आपण एक पाय पुढे सरकवायचा. मग ते मान वर करायचे, आपल्या ओठांकडे बघत राहायचे आणि बोलणं संपलं की मान पुन्हा खाली. ती नजर ओठांना कोणी बोट लावल्यासारखी लागायची. एकदा अनुभव घेतलेला माणूस दुसऱ्यांदा पाय सरकवत नसे. त्यापेक्षा लोक त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत, म्हणजे कामापुरतं त्यांना ऐकू जाई.

कान जिनिंगनं खाल्ले होते. सगळं आयुष्य जिनिंग फॅक्टरीत गेलं. कापसातून सरकी काढणारे रेचे ओळीनं सुरू झाले की तिथं शेजारच्यानं बोंब मारली तरी कळत नाही. त्यामुळे जिनिंगमधली माणसं एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात. हातभर अंतरावरून सगळ्यांनाच जमतं. वामनजी मुकादम होते, त्यांना फळ्यांच्या माचावर उभं राहून पार पलीकडच्या टोकाचा माणूस काय म्हणतो ते कळावं लागायचं. ते दुरून शिकले. पुढे नोकरी सुटली, रेचे सुटले, ती विद्या काही सुटली नाही. डोळे उघडे असले की त्यांना गाव ऐकू यायचं. पानठेल्यावरचं, गच्चीवरचं, देवळाच्या पायरीवर बसून सुनेबद्दल पुटपुटलेलं, सगळं.

गावाचं म्हणणं मात्र वेगळं होतं. आमच्या शेजारच्या गंगूबाईनं माझ्या बायकोला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "मुकादमले कर्णपिशाच वश हाय वो सुमन. ते त्यायच्या कानात बसते अन कोन कुठं काय बोललं ते सांगते." त्यामुळे गंगूबाई मुकादमजी दिसले की तोंडही झाकायची आणि कानही. त्यासाठी तीन हात लागत आणि तिला दोनच होते, म्हणून तिची फार धांदल उडायची.

एवढं सगळं असून आम्ही मुकादमजींच्याच घरात भाड्यानं राहत होतो. माझं नुकतंच लग्न झालेलं, खोली कुठं मिळेना, आणि त्यांच्या अंगणाकडची एक खोली रिकामी होती. ती रिकामी का होती हे विचारायचं मला सुचलं नाही. खोलीला एकच खिडकी, ती अंगणात उघडणारी. अंगणात कडुनिंबाखाली मुकादमजींची बाज. ते बिचारे आमच्या खिडकीकडे पाठ करून बसत आणि अंगणातून जाता-येता मोठ्यानं म्हणत, "बोला, बोला. मी पाहून नाही राहिलो." हे वाक्य कानावर पडल्यानंतर जगातलं कोणतंही नवं जोडपं एक शब्द बोलू शकणार नाही. आम्ही गप्प बसायचो. लग्नानंतरचे आमचे पहिले महिने मौनात गेले आणि सासरी जावयाची फार शांत म्हणून ख्याती झाली.

मुकादमीणबाई नवऱ्याशी पाठीला पाठ लावून बोलत. त्यांना बघू द्यायचं नाही आणि ऐकू तर जायला पाहिजे, म्हणून इतक्या जोरात बोलत की भाजीत तिखट जास्त झालं ते गल्लीच्या कोपऱ्यावर कळे. त्या बाईंना यात काही विचित्र वाटत नव्हतं.

एकदा सुमननं हौसेनं त्यांना आमच्या लग्नाचा अल्बम दाखवला. पंगतीचे फोटो फोटोवाल्यानं पाठोपाठ काढले होते. मुकादमजींनी तीन-चार पानं उलटली, थोडे अडखळले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या सासूबाई म्हनून राहिल्या, जावई लय खातात." माझा विश्वास बसला नसता, पण सुमननं एकदम पाणी आणायला आत जायचं काढलं.

मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथं माझ्या वडिलांचा फोटो होता. मी कॉलेजात असतानाच ते गेले. फोटोत त्यांचं तोंड किंचित उघडं आहे, फोटोवाल्याला काही सांगत असावेत. मुकादमजींनी क्षणभर बघितलं आणि झटकन मान खाली घातली.

"काय म्हणताहेत?" मी त्यांच्या कानाशी हसत विचारलं, म्हणजे हसायचा प्रयत्न केला.

"फोटोत एकच अक्षर मावते मास्तर," ते म्हणाले. "एका अक्षरावरून मानसाचं बोलनं सांगू नये."

ते गेले. भर दुपार होती, अंगणात ऊन रखरखत होतं, चिमणीही बोलत नव्हती. मी त्या फोटोसमोर उभा राहिलो. इतकी वर्षं तो माझ्या लेखी नुसता फोटो होता. त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की हा माणूस इतकी वर्षं काहीतरी सांगतो आहे आणि मी त्याच्याखाली बसून परीक्षेचे पेपर तपासतो आहे. फोटो काढून ठेवावा असं वाटलं, पण तसा तो काढवलाही नाही.

मुकादमजींचं जगणं असल्याच गोष्टींनी भरलेलं होतं. सिनेमाला ते एकदाच गेले आणि मध्येच उठून आले. म्हणाले, पडद्यावरच्या बाईचं तोंड एक बोलतं आणि आवाज दुसरीचा येतो, मला भीती वाटते. स्टेशनवर ते जात नसत. एकदा इटारसीकडे जाणारी गाडी हलताना काचेमागं एक बाई समोरच्या माणसाला काही बोलली, ते यांनी पाहिलं. घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. मुकादमीणबाईंनी खोदून खोदून विचारलं, काय बोलली ती. "ते तिचं होय," यापलीकडे त्यांनी काही सांगितलं नाही.

पूर्वी मात्र ते सांगायचे. ही गोष्ट मला सुमनकडून कळली आणि सुमनला मुकादमीणबाईंकडून. पूर्वी वामनजी म्हणजे गावाची करमणूक होती. माचावरून लांबच्या दोघांचं बोलणं बघायचं आणि जसंच्या तसं सांगून लोकांना हसवायचं. त्यांना एकच मुलगी, निमा. तिलाही त्यांनी ओठ वाचायला शिकवलं होतं. लहानपणी बापलेक अंगणाच्या दोन टोकांना बसून आवाज न काढता तासन्‌तास बोलायचे आणि मुकादमीणबाई चिडायच्या.

निमा मोठी झाली. एक दिवस विहिरीवर मैत्रिणीला ती सावरगावच्या एका मुलाबद्दल काही सांगत होती. वामनजींनी ते जिनिंगच्या माचावरून, खिडकीतून पाहिलं. त्याच संध्याकाळी तिला बघायला पाहुणे आले होते. वामनजी कौतुकात होते, की रागात, की नुसत्या सवयीनं, कोण जाणे, त्यांनी पाहुण्यांसमोर मुलीचं बोलणं तिच्याच शब्दांत म्हणून दाखवलं. पाहुणे चहा न पिता उठले. निमानं बापाकडे बघितलं, पदर तोंडाला लावला आणि त्यानंतर बापासमोर तो कधी काढला नाही. लग्न तिनं त्याच मुलाशी केलं. माणूस चांगला, सावरगावात त्याचं सायकलचं दुकान आहे. सावरगाव म्हणजे तरी किती लांब, मध्ये फक्त जाम नदी. निमा बाजाराला पांढुर्ण्यात यायची, मैत्रिणींशी हसत-बोलत चालायची आणि बाप दिसला की पदर तोंडाशी. माहेरची पायरी ती चढत नव्हती आणि सासरी आई भेटायला गेली की सासू मध्ये बसून गहू निवडायची. माय-लेकींचं मनातलं असं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मुकादमजींची मान खाली गेली ती तेव्हापासून.

नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी बोलाच्या कोठीचं काढलं. कोठी म्हणजे धान्याची असते तशी खोली, पण यात धान्य नाही, बोलणं ठेवायचं. दुहेरी भिंत संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांची, मध्ये दाबून कापूस, दाराला आतून गोधडी, खिडकी नाही. दोन माणसांनी आत जावं, दार लावावं आणि बोलावं. बाहेर ना ऐकू येणार, ना दिसणार. ज्याला घरात एकांत नाही त्या कोणालाही मोकळी.

"बोल झाकलेला, रीत उघडी," हे त्यांचं ब्रीदवाक्य. कोठी कशी बांधायची याचं चित्र त्यांनी अंगणाच्या भिंतीवर रस्त्याच्या बाजूनं गेरूनं काढलं आणि खाली माझ्याकडून लिहून घेतलं: पाहा, चूक काढा, आपली बांधा. मी म्हटलं, मुकादमजी, गुप्त बोलायची खोली आणि तिचा नकाशा चव्हाट्यावर? ते म्हणाले, "नकाशा लपवला तर लोक म्हनतीन मुकादमानं आत भोक ठेवलं. मी कोन हाय ते गावाले ठावं हाय."

अडचण नेमकी हीच होती. गावातला सगळ्यात मोठा ऐकणारा माणूस न ऐकू येणारी खोली बांधायला निघाला होता. चोरानं दारोदार कुलपं वाटावी तसं ते दिसायचं. नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलाचे मालक धोंडबाजी यांनी तर विरोधच पुकारला. त्यांचं हॉटेल चहावर चालत नव्हतं, गावाच्या बोलण्यावर चालत होतं.

"लपवायले हाय काय मानसापाशी?" ते गिऱ्हाइकांना विचारायचे. "ज्याच्या मनात पाप तोच लपवते. मी पोस्टातून ट्रंक कॉल करतो तर साऱ्या रांगेले ऐकू जाते. काय बिघडलं माह्यं?"

एकदा ते मुकादमजींच्या कानाशीही हेच ओरडले, तेव्हा मुकादमजी त्यांच्या पायांकडे बघत म्हणाले, "धोंडबाजी, आंघोळीले बसता तवा दार कायले लावता?"

हॉटेल हसलं. धोंडबाजी तेव्हापासून आंघोळीला दार उघडं टाकून बसायला लागले असं गंगूबाई सांगायची, पण ते काही मी पाहायला गेलो नाही.

कोठीला लागणारा कापूस मुकादमजींनी गावाकडूनच मागितला. घरटी मूठभर. "मूठ सगळ्याची पाह्यजे," ते म्हणायचे, "म्हंजे कोठी कोना एकाची होत नाही." अंगणाच्या फाटकाला त्यांनी एक पोतं टांगलं, त्याला हात जाईल एवढीच फट. कोणी टाकलं, किती टाकलं ते दिसू नये. पहिल्या आठवड्यात पोत्यात सरकी, दगड आणि एक बेडूक निघाला. मुकादमजींनी बेडूक नदीकाठी नेऊन सोडला.

मग ते प्रचाराला निघाले. प्रचाराला म्हणजे मला घेऊन, कारण बोलणार कोण? लोकांकडे न बघता भाषण करता येत नाही. कोठीचा एक लहानसा नमुना केला होता, कापूस भरलेली पेटी आणि तिच्यात गजराचं घड्याळ. सौसरच्या बाजारात, माझ्याच गावात, माझ्या ओळखीपाळखीच्या लोकांसमोर मी ती पेटी डोक्यावर घेऊन उभा राहिलो. झाकण उघडलं की घड्याळ गाव उठवील असं वाजायचं, झाकण लावलं की काहीच नाही. नुसती पेटी, आणि तिला हात लावला तर आत काहीतरी जिवंत थरथरल्यासारखं. बाया मागं सरकल्या.

"दवाई कायची हाय?" एकानं विचारलं.

"दवाई नाही. रीत आहे," मी म्हणालो.

"कितीले?"

"फुकट. बघा आणि आपली बनवा."

फुकट म्हटल्याबरोबर गर्दी पांगली. आमच्या गावचा माणूस पैसे मागणाऱ्यावर एक वेळ विश्वास ठेवील.

लोधीखेड्यात मात्र एका कुल्फीवाल्यानं पेटी उलटसुलट करून पाहिली आणि पुढच्या बाजाराला तसलीच स्वतःची करून आणली. तिच्यात त्याचा बर्फ संध्याकाळपर्यंत टिकायला लागला. कोपऱ्यांवर त्यानं मेण लावून फटी बुजवल्या होत्या. मी वैतागलो. आपण माणसांच्या एकांताचं सांगतो आहोत आणि हा कुल्फी विकतो आहे. मुकादमजींना मात्र आनंद झाला होता. "मेनाचं मले सुचलं नव्हतं," ते म्हणाले. "आता आपन बी लावू." त्या दिवशी आम्ही कुल्फी खाल्ली. ती चांगली होती.

कापूस कधी वाढायला लागला ते कळलं नाही. वेचणी सुरू झाली आणि पोतं जड लागायला लागलं. भिंतीवरचं चित्र बघून जिनिंगचा एक सुतार न बोलता आत आला, दाराच्या खालची फट दाखवून गेला आणि दुसऱ्या दिवशी ती बुजवूनही गेला. हवेसाठी भोक ठेवावं तर आवाज जाईल, यावर एका गवंड्यानं भोकाला दोन वळणं द्यायला सांगितलं. संक्रांतीपर्यंत कोठी उभी राहिली. बाहेरून ती संत्र्याच्या पेट्यांच्या ढिगासारखी दिसायची, एका फळीवर उलटं 'नागपूर'ही लिहिलेलं होतं.

आत पहिल्यांदा जायला कोणी तयार होईना, म्हणून सुमन आणि मी गेलो. दार लागलं आणि जग गेलं. मी दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही. अंधार तर होताच, पण अंधाराची सवय असते. तिथं रस्ता नव्हता, कावळा नव्हता, दूरचा भोंगा नव्हता. माझंच रक्त माझ्या कानात चालत होतं. आपल्याशिवाय आत आणखी कोणी आहे असं वाटून मी हात पुढे केला, तर तो सुमनच्या खांद्याला लागला आणि आम्ही दोघंही दचकलो. इतके महिने बोलायला जागा नव्हती आणि आता जागा मिळाली तर शब्द सुचेना.

"हं, बोल," मी म्हणालो.

"असा हाय काय तुमचा आवाज?" ती म्हणाली.

त्यानंतर ती जे बोलली ते मी इथं लिहिणार नाही.

धोंडबाजींनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. अर्धं गाव जमलं. ते एकटे आत जाऊन मुकादमजींना आईमाईवरून शिव्या देणार होते आणि बाहेर एक जरी शब्द ऐकू आला तर कोठी मोडायची, असं ठरलं. मुकादमजी म्हणाले, आधी पाहिजे तिथली फळी काढून पाहा. दोघांनी फळ्या काढून, कापसात कोपरापर्यंत हात घालून पाहिलं आणि परत लावल्या. धोंडबाजी आत गेले. लोकांनी फळ्यांना कान लावले. काही नाही. दुपार टळायला लागली तरी दार उघडेना. कान लावलेली माणसं एकेक करून मागं झाली. आवाज येतो म्हणून भीती वाटते हे मला ठाऊक होतं. काहीच येत नाही म्हणून माणसं भ्यालेली मी तेव्हा पाहिली.

शेवटी दार उघडलं. धोंडबाजींचे डोळे लाल होते.

"काय झालं हो? आत काय हाय?" कोणीतरी विचारलं.

"मीच होतो ना बाप्पा आत," ते म्हणाले आणि चपला हातात घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी फाटकाशी भरलेलं आख्खं पोतं कोणीतरी ठेवून गेलं. पोत्याला चहापत्तीचा वास येत होता, पण ते कोणी दिलं हे बघायचं नाही असा नियमच होता.

हळूहळू माणसं यायला लागली. वाटणीवरून अबोला धरलेले दोन भाऊ आले. एक म्हातारं जोडपं आलं, त्यांच्या एका खोलीत सहा माणसं झोपत. काही माणसं एकटीच यायची. गंगूबाई म्हणायची, कापूस बोल पितो, रात्रंदिवस पितो, एक दिवस ती कोठी बोलायला लागेल. म्हणायची, आणि मंगळवारी बहिणीला घेऊन स्वतःच आत जाऊन बसायची. कोणी आत गेलं की मुकादमजी छत्री घेऊन घराबाहेर पडत. लोक निघून जाईपर्यंत उन्हात हिंडत राहत. कोठीत येऊन गेलेल्या माणसांचे हात मात्र रस्त्यात तोंडावरून काही खाली आले नाहीत. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण बाजाराच्या दिवशी ते फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या पायांकडे बघत असत आणि बाजार उठला की आत येऊन बाजेवर पडत. हा सगळा खटाटोप एका माणसासाठी चाललेला होता आणि तेवढं एक माणूस येत नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

ती चैत्रात आली. सुमन शाळेच्या फाटकाशी येऊन म्हणाली, "मुकादमजीले नदीवर घेऊन जा. निमाताई आली हाय. मायलेकी कोठीत गेल्या." मी घरी पोचलो तर ते छत्री घेऊन रस्त्यावरच उभे होते.

आम्ही जामच्या काठी एका बाभळीखाली बसलो. हंगाम संपून जिनिंग बंद झालेली, बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले. नदीत मध्येच पाण्याची एक ओळ, बाकी सगळे गोटे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांची गावं जे गोटे एकमेकांवर फेकतात ते आता उन्हात मुकाट पडून होते. माणूस कुठं दिसत नव्हता.

"मास्तर," बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "कापूस पुरला असन ना? दाराच्या वरच्या अंगाले मले जरासा कमी वाटते."

"पुरला आहे," मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

मग निमा घाटावरून उतरताना दिसली. पदर तोंडावर होता. आमच्यापासून लांबून, गोट्यांवरून पाय टाकत ती पलीकडे निघाली. मुकादमजी तिच्या पावलांकडे बघत होते.

"टाच फाटली तिची," ते म्हणाले. "आमसुलाचं तेल लावत जाय म्हनून तिच्या मायनं सांगावं."

ती पाणी ओलांडून सावरगावच्या काठाला लागली. आता चढून जाईल असं मला वाटलं. ती थांबली आणि वळली. आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. मग तिनं पदर सोडला.

"मुकादमजी," मी ओरडलो, "तिनं पदर काढला आहे."

त्यांनी मान वर केली नाही. नजर पलीकडच्या काठावर, पण तिच्या पायांवर. आणि तिथूनच, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "पाहू का?"

नदीपलीकडे ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण ती त्यांचीच मुलगी होती. तिनं उजवा पाय उचलला आणि पुढच्या गोट्यावर ठेवला.

मुकादमजींनी मान वर केली.

निमा बोलायला लागली. भर उन्हात, पलीकडच्या काठावर, एक बाई कितीतरी वेळ बोलत होती आणि आवाज म्हणून काही नव्हता. मध्येच तिचे हात हलत, मध्येच ती थांबे, डोळे पुसे आणि पुन्हा तिचे ओठ हलायला लागत. हवा उन्हानं हलत होती, त्यात तिचा चेहरा लांब-जवळ होत होता. शेजारी बसलेल्या माणसाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तो डोळे मिटत नव्हता.

मग ती थांबली. आता ते उत्तर देणार होते. त्यांनी तोंड उघडलं आणि एकदम थबकले. छत्री खाली ठेवली, माझ्या बाजूचा हात उचलला आणि गालापाशी आडवा धरला. मला ओठ वाचता येत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी उठलो आणि जिनिंगच्या धुराड्याकडे तोंड करून बसलो.

"बोला मुकादमजी," मी मोठ्यानं म्हणालो, "मी पाहून नाही राहिलो."